पार्सन्स शॅमेलिऑन पाळायचाय, सुरुवात कुठून करू?

किनाराकर
नमस्कार मंडळी,

आम्ही सांताक्रूझला राहतो (कॅलिफोर्नियातलं). घरात एक पँथर शॅमेलिऑन आहे, आता वयाने थकलाय. लेकीचा त्याच्यावर फार जीव. ती यंदा हायस्कूलला गेली आणि तिने पार्सन्स शॅमेलिऑनचा ध्यास घेतलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा मादागास्करच्या पूर्व आणि उत्तर भागातल्या पर्जन्यवनांतला सरडा. शेपटीसकट नर दोन फुटांच्या वर जातो, वजन पाऊण किलोच्या आसपास. नाकावर शिंगांसारखे दोन आखूड, बोथट उंचवटे. वजनाच्या हिशेबाने जगातला सगळ्यात मोठा शॅमेलिऑन हाच धरतात.

नेटवर जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. एक म्हणतो हा फक्त मुरलेल्यांनी पाळावा, दुसरा म्हणतो पँथरपेक्षा सोपा. म्हणून इथे विचारतोय. पिंजरा केवढा लागतो? घरात ठेवावा की अंगणात? पिल्लू घ्यावं की वाढलेला? आणि आमची खरी अडचण म्हणजे आम्ही दर दोन वर्षांनी महिनाभर भारतात येतो. तेव्हा याचं काय करायचं?

रातराणी
सांताक्रूझ वाचून आधी वाटलं, मुंबईत फ्लॅटच्या गॅलरीत दोन फुटी सरडा ठेवणार की काय! कॅलिफोर्निया वाचलं आणि जीव भांड्यात पडला. माहिती काही नाही, पण धागा वाचत राहणार. एकच प्रश्न: हा खातो काय, आणि ते 'काय' घरात कुठे ठेवायचं?

किनाराकर
@रातराणी रातकिडे. गॅरेजमध्ये. पँथरमुळे सवय झालीय, रात्री किर्र आवाज आला नाही तर बायको विचारते, खाणं संपलं का?

डोंगरउतार
किनाराकर, मी ईस्ट बेच्या (सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या) टेकड्यांवर राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून पार्सन्स पाळतोय. जरा सविस्तर लिहितो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: पार्सन्सचा शत्रू उकाडा. 'मादागास्कर म्हणजे उष्ण कटिबंध, म्हणजे गरम लागणार' असं समजून लोक दिवा तापवत बसतात. हा सरडा राहतो ओढ्याकाठच्या दाट, ओल्या झाडीत, डोंगरउताराच्या गारव्यात. दिवसा पिंजऱ्यात ७२ ते ७८ फॅरनहाइट (२२ ते २६ सेल्सिअस) पुरे. ऊन खायच्या फांदीवर ८२-८४ पर्यंत चालेल. ८५ च्या वर गेलं की तो तोंड उघडून श्वास घ्यायला लागतो, रंग फिका पडतो. रात्री मात्र पारा उतरलाच पाहिजे. मोठ्या जनावराला ५५ पर्यंतची रात्र बिनधास्त चालते, आणि त्याने तब्येत चांगली राहते असं माझं ठाम मत आहे. तुम्ही अगदी किनाऱ्यावर आहात, म्हणजे निम्मी लढाई तिथेच जिंकलात.

दुसरी गोष्ट पाणी. हे वाटीतून पिण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात. आणि पार्सन्स सगळ्यात संथ. फवारा सुरू झाल्यावर पाणी प्यायचं ठरवायलाच काही मिनिटं घेतो. मिनिटभराचे दहा फवारे मारण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ लांबलचक पाऊस पाडा. दिवसा एक ठिबक लावून ठेवा. विष्ठेबरोबर जो युरेटचा भाग येतो तो पांढरा असेल तर पाणी मिळतंय. गडद पिवळा-नारिंगी दिसला तर मिळत नाहीये.

जागा: तुमच्या किनारी हवेत अंगणातला जाळीचा पिंजराच उत्तम. घरात ठेवणार असाल तर चार फूट रुंद, दोन फूट खोल, चार-पाच फूट उंच याच्या खाली येऊ नका. फांद्या आडव्या आणि त्याच्या मुठीत मावतील एवढ्या जाड हव्यात. बारीक डहाळ्यांवर हे धूड तोल सावरतच बसतं. झाडं खरी लावा: मनी प्लांट, फायकस बेंजामिना, शेफ्लेरा, जास्वंद. नर्सरीतून आणलेली असतील तर आधी पानं धुऊन घ्या आणि वरची माती बदला, त्यात खतं-औषधं असतात.

आणि पिंजरा आधी, सरडा नंतर. रिकामा पिंजरा महिनाभर दिवे-फवाऱ्यासकट चालवून बघा. वर, मध्ये, खाली तीन ठिकाणी तापमान नोंदवा. उन्हाळ्याच्या सगळ्यात गरम दुपारी, ऊन खायची फांदी सोडून, पारा ८० च्या आत राहिला तरच पुढे जा.

पानगळ
विरोधी मत मांडतो, कुणी वैयक्तिक घेऊ नका. जंगलातला प्राणी जंगलातच हवा. मादागास्करमधलं जंगल भातशेतीसाठी आणि कोळशासाठी जाळलं-तोडलं जातंय. हा सरडा आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'निअर थ्रेटन्ड' म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. अशा वेळी हजारो मैलांवर एकेक नमुना काचेत ठेवून आपण नक्की कोणाचं भलं करतो? मुलीला इतकी आवड आहे तर तिला तिथे घेऊन जा, जंगलात दाखवा.

डोंगरउतार
@पानगळ प्रश्न रास्त आहे. १९९५ मध्ये सायटीसने (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) मादागास्करच्या शॅमेलिऑनांपैकी पँथर, ऊस्टालेट, कार्पेट अशा मोजक्या जाती सोडून कॅलुमा आणि फुर्सिफर या वंशांच्या निर्यातीवर स्थगिती आणली. पार्सन्स त्यात आला. त्याआधी आलेल्या जनावरांपासून इथल्या पाळकांनी मोठ्या चिकाटीने वंश वाढवला. चिकाटीने म्हणतो कारण याची अंडी उबायला सव्वा ते दोन वर्षं लागतात! मधे गारठ्याचा काळ द्यावा लागतो, तरच आतला जीव पुढे वाढतो. मादी एकदा अंडी घातली की पुढच्या खेपेला साधारण दोन वर्षं घेते. त्यामुळे इथे जन्मलेलं पिल्लू घेतलं तर जंगलातून एकही सरडा कमी होत नाही. पण 'बऱ्याच काळापासून पाळलेला' असं मोघम सांगून स्वस्तात कुणी मोठा नर देऊ लागलं तर घेऊ नका. जन्मतारीख, आईबापांचे फोटो, कागद मागा.

पानगळ
चोरटा व्यापार तरीही चालतो, कारण मागणी आहे. मागणी निर्माण करणारे आपणच. कागद असलेलं पिल्लू घेणाऱ्याचे फोटो बघून दुसरा कोणी कागद नसलेलं घेतो. माझा आक्षेप कायम आहे, पण जन्मतारीख-कागदांचा आग्रह धरलात ते आवडलं.

सह्यकडा
मी पुण्यात. भारतात हे कायद्याने पाळता येतं का? इन्स्टावर विकणारे रोज दिसतात. ऊस्टालेट तर मुंबईत 'होम डिलिव्हरी' म्हणून जाहिरात होती.

काळा_कोट
@सह्यकडा लांब राहा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, सायटीसच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी ताब्यात असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळं कळवायचं. पार्सन्स, ऊस्टालेट, पँथर सगळे परिशिष्ट दोनमध्ये. आयातीला वेगळा परवाना. इन्स्टावरच्या विक्रेत्याला फक्त आयातीचे कागद आणि नोंदणी क्रमांक मागा, पुढचं संभाषण तिथेच संपेल. विमानतळावर सामानात कोंबून आणलेली जनावरं पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्यातली कितीतरी वाटेतच गुदमरून मेलेली असतात.

आणि आपला घोयरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, तो तर मुळातच संरक्षित. रस्त्यावर दिसला म्हणून घरी आणायचा नाही.

कातळसडा
घोयऱ्याचा विषय निघाला म्हणून अवांतर. आमच्याकडे सिंधुदुर्गात पावसाळा सरता सरता रस्ता ओलांडताना दिसतो. एक पाऊल पुढे, थांबणार, डुलणार, पुन्हा अर्धं पाऊल. वाऱ्यात पान हलावं तसं. गाड्यांखाली जातात बिचारे. लोक अजून त्याला विषारी समजून दगड घालतात. मंडळी, त्याला दात असतात पण विष अजिबात नाही. थांबा, गाड्या थांबवा, तो ज्या दिशेने चाललाय त्या बाजूच्या झुडपावर काठीने चढवून द्या. एवढं केलंत तरी पुष्कळ.

रातराणी
आमच्या अंगणातला लाल गळ्याचा सरडा म्हणजे हाच का? तोही रंग बदलतो.

कातळसडा
नाही ताई, तो बागेतला साधा सरडा. तो तुरुतुरु पळतो. घोयऱ्याचे डोळे शंकूसारखे बाहेर आलेले असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरतात. पायाची बोटं दोन गटांत जुळलेली, चिमट्यासारखी. शेपटीची गुंडाळी होते.

गणूमास्तर
रंगाचं निघालंच आहे तर: आजूबाजूच्या रंगात मिसळण्यासाठी शॅमेलिऑन रंग बदलतो हे आम्ही शाळेत शिकवत आलो. अलीकडे वाचलं की तसं नाही. जाणकारांनी सांगावं.

डोंगरउतार
मास्तर, बरोबर वाचलंत. मूळ रंगच झाडीत लपणारा असतो. बदल होतो तो मुख्यतः राग, भीती, मादीला दाखवणं आणि ऊन घेणं-टाळणं यांसाठी. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथरवर काम करून दाखवलं की त्वचेतल्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. सरडा शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परावर्तित होतो, वर पिवळा रंगद्रव्याचा थर असल्याने आपल्याला हिरवा दिसतो. चवताळला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि पिवळा, नारिंगी, लाल उमटतो. पाळणाऱ्याने रंगाची भाषा शिकावीच. गडद, काळपट रंग दिवसभर राहिला तर त्याला थंडी वाजतेय किंवा तो घाबरलाय.

भटकभवानी
पानगळ, तुम्ही म्हणता तसं मी तिथे जाऊन बघून आलेय! अंतानानारिव्होहून पूर्वेला निघालं की आंदासिबेचं जंगल लागतं. पहाटे इंद्री लेमूरांचा आवाज, दूरवरून कोणी भोंगा वाजवावा असा. पार्सन्स तिथे वाटाड्याने दाखवला. आम्ही त्याच झाडाकडे पाहत उभे होतो आणि तो आमच्या डोक्याच्या थोडा वर होता, तरी दिसेना. नीलसर हिरवा, अंगावर तिरक्या गडद रेघा. आम्ही चहा पिऊन परत आलो तरी तो त्याच फांदीवर, त्याच जागी.

रात्रीच्या फेरीत टॉर्च मारला की शॅमेलिऑन सापडतात, कारण झोपेत त्यांचा रंग फिकट होतो आणि फांदीच्या टोकाला ते पांढुरके चमकतात. वाटाड्या बोट दाखवताना बोट दुमडून दाखवायचा. त्यांच्याकडे बऱ्याच गोष्टी 'फाडी' म्हणजे निषिद्ध असतात आणि शॅमेलिऑनला हात लावायला अनेक जण घाबरतात. त्यांची एक म्हणही सांगितली: शॅमेलिऑनसारखं चाल, पुढे पाहा आणि मागेही लक्ष ठेव.

किनाराकर, तुमच्या प्रश्नाशी संबंध एवढाच की तिथे ऐन दुपारीसुद्धा जंगलात गारवा होता आणि जुलैच्या रात्री आम्ही स्वेटर घालून जेवत होतो. डोंगरउतार सांगताहेत ते तापमान अगदी पटलं.

मायामीची_माई
आमच्याकडे दक्षिण फ्लोरिडात पार्सन्सचं नाव काढू नये, उन्हाळ्यात एसी बंद पडला की संपलं. इथे मोठाच शॅमेलिऑन हवा असेल तर ऊस्टालेट. लांबीला पार्सन्सच्या तोडीस तोड, काहींच्या मते जास्तच. उष्णता सोसतो, कोरडी झाडी सोसतो, खादाड. इतका सोसतो की मायामी-डेड परगण्यात सुटलेले ऊस्टालेट मोकळ्यावर रुजलेत, अंडी घालताहेत. म्हणून पाळणाऱ्यांना कळकळीची विनंती: नको झाला म्हणून बागेत सोडू नका. आणि इथे ड्युबिया झुरळं बेकायदा आहेत, आम्ही डिस्कॉइड जातीची झुरळं वापरतो. आपापल्या राज्याचे नियम बघा.

मेलर शॅमेलिऑनबद्दलही सांगते, कारण 'जायंट' म्हणून तोही विकला जातो. टांझानिया, मलावी, मोझांबिकचा. मादागास्कर सोडून आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात मोठा शॅमेलिऑन. दिसायला देखणा, स्वभाव हळवा. बहुतेक जंगलातून पकडलेले येतात, पोटात जंत, अंगावर जखमा, शरीरातलं पाणी आटलेलं. पहिल्यांदाच मोठा शॅमेलिऑन घेणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

टोरांटोचा_दादा
डोंगरउतारांशी बहुतांशी सहमत, पण अंगणाशिवाय जमत नाही असा समज होऊ नये. आमचा नर तळघरात आहे. तळघर बाराही महिने गार, ती तर सोयच झाली. वर टी-५ ची लांब यूव्ही ट्यूब, सोलरमीटर ६.५ या यूव्ही मोजायच्या यंत्राने मोजून ऊन खायच्या फांदीवर यूव्ही निर्देशांक ३ च्या आसपास ठेवलाय. ट्यूब प्रकाश देत राहते पण तिचं यूव्ही हळूहळू घटतं, त्यामुळे मोजल्याशिवाय कळत नाही.

जाळीच्या पिंजऱ्याबद्दल मात्र मतभेद. इथे हिवाळ्यात हीटिंगने हवा इतकी कोरडी होते की जाळीच्या पिंजऱ्यात ओलावा टिकतच नाही. तीन बाजू बंद, पुढून आणि वरून हवा खेळती, असा पिंजरा मी सुतारकाम करून बनवला. रात्री थंडावा झाला की धुकं सोडतो, दिवसा पानं वाळू देतो. गरम आणि कोंदट एकत्र आलं की फुप्फुसांचा संसर्ग ठरलेला.

डोंगरउतार
मान्य. तुमच्या हवेत बंद बाजूच बऱ्या. माझा जाळीचा आग्रह किनारी कॅलिफोर्नियापुरता.

ओली_माती
मी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. आमच्याकडे जे शॅमेलिऑन येतात ते बहुतेक उशिरा येतात, कारण हा प्राणी आजार लपवतो. दिवसा डोळे मिटलेले दिसले की त्याच दिवशी डॉक्टर गाठा, 'झोपला असेल' म्हणू नका. फांदीवरची पकड सैल होणं, जिभेचा नेम चुकणं, पायाची हाडं वाकणं ही कॅल्शियम-यूव्हीच्या कमतरतेची लक्षणं. उलट बाजूही आहे: प्रत्येक खाण्याला व्हिटॅमिनची पूड फासली तर गळ्याखाली सूज येते, मूत्रपिंडांवर ताण येतो. नेहमीच्या खाण्यावर डी-३ नसलेलं साधं कॅल्शियम हलक्या हाताने, आणि डी-३ व व्हिटॅमिन महिन्यातून एक-दोनदा, हे आमच्या डॉक्टरांचं धोरण.

किड्यांना आदल्या दिवशी चांगलं खाऊ घाला: पालेभाज्या, गाजर, संत्रं. रातकिडे, झुरळं, रेशमाच्या अळ्या, हॉर्नवर्म, काडीकिडे, असं आलटून पालटून द्या. गोगलगाय त्यांना फार आवडते, पण बागेतली नको, तिच्यात विषारी औषधं आणि जंत असू शकतात.

सरडा घ्यायच्या आधी डॉक्टर शोधा. एआरएव्ही या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या यादीत गावानुसार नावं मिळतात. पहिल्याच आठवड्यात विष्ठा तपासून घ्या.

रातराणी
वाखुसा (वाचनखूण साठवली)! सरडा पाळणार नाही, पण एवढी माहिती एका जागी कुठे मिळणार.

किनाराकर
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने सगळे प्रतिसाद वाचले, पानगळ यांचे दोनदा. तिने स्वतःच अट घातली की जन्मतारीख आणि आईबाप कळल्याशिवाय घ्यायचा नाही. आम्ही पिंजरा अंगणाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात बांधायला घेतलाय. सकाळचं ऊन मिळेल, दुपारी ओकची सावली. आता राहिला भारतवारीचा प्रश्न. शेजारी कुत्र्याला सांभाळतात, पण रातकिडे म्हटल्यावर मागे सरले.

टोरांटोचा_दादा
मोठा पार्सन्स एकदोन दिवसांआड खातो, हिवाळ्यात तर आठवडाच्या आठवडा खाण्याकडे बघत नाही. तुम्ही डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर तोच त्याचा मंदावण्याचा काळ. दिवे टायमरवर, फवारा टायमरवर, टाकी मोठी. तरी माणूस लागतोच, कारण फवाऱ्याची नळी तुंबली आणि आठवडाभर कुणाला कळलं नाही तर जनावर हातचं जाईल. मी ओळखीच्या पाळकाकडे ठेवून जातो, तो बाहेर गेला की त्याचे माझ्याकडे.

ओली_माती
पिल्लू असेल तर हे चालणार नाही हं. पहिली दोन वर्षं रोज खाणं, रोज नजर. पहिल्या भारतवारीच्या हिशेबाने किमान वर्षाचं, नीट खातंपितं पोर घ्या, किंवा वारी झाल्यावर घ्या.

डोंगरउतार
आणि वयाचा विचार करा. पँथर पाचेक वर्षं जगतो. पार्सन्स नीट ठेवला तर दहाच्या पुढे सहज जातो. लेक कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, सरडा तुमच्याकडेच असेल. तिची आवड पुरेशी नाही, तुम्हा दोघांचीही लागेल.

किनाराकर
हे आम्ही नवरा-बायको रात्री बोललो. तयारी आहे. येत्या डिसेंबरात भारतात जाऊन येतो, मगच सरडा. तोवर पिंजरा चालवून तापमानाची वही लेक लिहील. एक शंका: अंगणात रॅकून येतात. साधी फायबरची जाळी पुरेल?

डोंगरउतार
फायबरची अजिबात नको, रॅकून एका रात्रीत फाडतो. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी, पीव्हीसी चढवलेली, म्हणजे नखं अडकून मोडणार नाहीत. तळालाही जाळी टाका, खालून उकरतात. दाराला दोन कड्या, वरची कुलपाची. मुंग्यांसाठी पायांना पाण्याच्या वाट्या. आणि तुमच्याकडे पारा ४५ फॅरनहाइटच्या खाली जातो त्या रात्री त्याला आत घ्यायची सोय आत्ताच करून ठेवा, गॅरेजमध्ये एक छोटा पिंजरा, झाडासकट. माझ्या जाळीच्या पिंजऱ्याचे फोटो आणि मापं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.